फार चिघळलंय, लगेच या

माझ्या दादाला उजवा पाय गुडघ्याखाली नाही. कुणी विचारलं की तो सांगतो, खिळा लागला, शुगर होती, अंगावर काढलं. वहिनी नुसतं कपाळाकडे बोट दाखवते. डॉक्टरांच्या कागदावर काहीतरी लांबलचक लिहिलेलं आहे. मला विचाराल तर तो पाय एका क्रियापदानं गेला. ते क्रियापद, त्याचे दोन अर्थ आणि दुसऱ्या अर्थाखालचं उदाहरण, सगळं माझ्या हातचं आहे.

शब्दकोशाच्या कचेरीत मी छत्तीस वर्षं घासली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आपला, खाली एखादं वाक्य. एका अर्थाला एक कार्ड, तळहाताएवढं. एवढ्याशा जागेत सगळं बसवायचं म्हणजे काटकसर आलीच. वाचणाऱ्याला जे आपोआप कळतं ते गाळायचं, हा आमचा नियम. ‘मुलगा शाळेत गेला’ नको, ‘शाळेत गेला’ पुरे. नवा माणूस आला की त्याची ही शिकवणी माझ्याकडे असायची. दाराजवळ फोनपाशी एक वयस्क शिपाई बसायचे, सगळी कचेरी त्यांना मामा म्हणायची. त्यांनाही मी सोडलं नाही. पूर्वी ते निरोप लिहायचे तो पानभर. “मामा, निबंध नको,” मी म्हणायचे, “मुद्द्याचं लिहा.” शिकले बिचारे. पुढे पुढे त्यांची चिठ्ठी चार शब्दांच्या वर जाईना.

जीभ माझी लहानपणापासून तिखट आणि राग नाकावर. लग्नपत्रिका हातात आली की वधूवरांच्या नावांआधी मी ऱ्हस्वदीर्घ तपासणार. दादा मला मास्तरीणच म्हणायचा. तो स्वतः सातवीतून शाळा सोडून पाट्या रंगवायला लागला. बाबा अचानक गेले होते, घरात आई आणि आम्ही दोघं. तो शिडीवर उभा राहिला म्हणून मी वर्गात बसले. हे मी कधीही विसरले नाही. पण त्याच्या पाटीवर चूक दिसली की माझा तोल सुटायचा, आणि पाटीमागे एक चूक तर ठरलेली. अक्षर मात्र असं काढायचा की दुकानदार रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि तिथून आपलीच पाटी बघत उभे राहायचे.

कचेरीची पाटी गंजली तेव्हा मीच दादाचं नाव सुचवलं. आमचे मुख्य संपादक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, ते म्हणाले, “तुमचे बंधू? मग प्रश्नच नाही.” मी दादाला मजकूर कागदावर लिहून दिला. तो कागद घरी विसरून आला. “पाठ आहे गं मला,” म्हणाला.

व्हरांड्यात नवी पाटी भिंतीला टेकवून तो कामाला लागला. जुनी पाटी काढून शेजारीच टाकली होती, खिळ्यांसकट. रंगवताना दादा नेहमी अनवाणी असायचा. दुपारी चहाच्या वेळी सगळी कचेरी बघायला बाहेर आली. लाल अक्षरं अशी उठून दिसत होती की मलाही अभिमान वाटला, पाचेक सेकंद. मग मी वाचलं. ‘शब्दकोष कार्यालय.’

“दादा, अरे हे काय लिहिलंस?”

“काय? शब्दकोष.”

“पोटफोड्या ष नाही रे, शहाण्यातला श! कागदावर दिला होता ना लिहून!”

“वाचणाऱ्याला कळलं म्हणजे झालं की,” दादा हसत म्हणाला.

“वा! कोशाच्या दारातच चूक,” सर म्हणाले, आणि सगळे हसले. सर वाईट अर्थानं बोलले नव्हते. पण माझे कान तापले. चुकीची लाज नव्हती ती, खरं सांगायचं तर हा माझा भाऊ आहे याची होती. अंबाड्यात खोचलेली लाल पेन्सिल मी काढली, पुढे झाले आणि त्या ष भोवती सरळ गोल काढला. ओल्या रंगावर. समासात मुद्रितं तपासताना करतात तशी खूण केली आणि श लिहिला. आता तर हशा पिकला.

दादा हसायचा थांबला. “माझ्या ओल्या रंगावर पेन्सिल फिरवलीस?” तो हळू आवाजात म्हणाला. “चार माणसांत?”

“मग चूक केलीस कशाला चार माणसांत?”

तो दोन पावलं मागे सरकला, जुन्या पाटीला अडखळला, सावरला. डबे, ब्रश तिथेच टाकून चपला हातात घेऊन चालू लागला. मागे फरशीवर लाल ठिपके पडलेले दिसले. मला वाटलं, रंग. मामांनी ओल्या फडक्यानं ते पुसून टाकले. त्या ष चा श दुसऱ्या एका पेंटरनं करून दिला, आणि अजूनही ते एक अक्षर पाटीवर वेगळं पडतं.

त्याच आठवड्यात एका जुन्या ग्रंथात मला ‘कोष’ सापडला. पोटफोड्याच. दुसऱ्यातही सापडला. दोन्ही रूपं पूर्वीपासून चालत आलेली. मी ग्रंथ मिटले आणि कपाटात ठेवून दिले. सांगायचं कुणाला? दादा तोंड दाखवत नव्हता, आणि मी त्याच्या दारात जाऊन ‘तुझंही बरोबर होतं’ म्हणणारी नव्हते. आम्ही दोघं एकाच मुशीतले. मोडेन पण वाकणार नाही.

दहा दिवसांनी वहिनीचा फोन आला. वहिनी माझ्यापेक्षा वयानं मोठी, तरी मला अहोजाहो करते आणि वन्सं म्हणते.

“वन्सं, या ना हो एकदा घरी. तुमचं नाव काढलं की भांडी आपटतात, आणि नाही काढलं तर सारखे दाराकडे बघतात. त्या दिवशी तुमच्याकडे पायाला खिळा लागला तोही कुणाला दाखवत नाहीत. उगीच जास्त चिघळवू नका. तुम्ही लहान आहात, तुम्ही या.”

“त्याला पाय आहेत ना? येऊ दे की चालत,” मी म्हणाले.

हे वाक्य माझं. कार्डावर लिहिलं नाही, तरी ते काही पुसलं जात नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी माझ्यापुढे एफ अक्षर होतं. त्यातला शब्द फेस्टर. सोपा शब्द, कारण आपल्याकडे त्याला जसाच्या तसा जोडीदार आहे, चिघळणे. जखम चिघळते, गळू चिघळतं, हा पहिला अर्थ. भांडण चिघळतं, वाद चिघळतो, संप चिघळतो, हा दुसरा. दुसऱ्यापुढे आम्ही कंसात ‘ला.’ लिहायचो, म्हणजे लाक्षणिक, खरी जखम नाही, बोलण्यातली. पहिल्या अर्थाला मी वाक्य दिलं होतं, ‘मलमपट्टी न केल्याने जखम चिघळली.’ दगडासारखं वाक्य. दुसऱ्यासाठी मला काहीतरी जिवंत हवं होतं, माणसाच्या तोंडचं. सकाळपासून तीन खोडून झाली होती.

अकराच्या सुमारास मामांनी टेबलावर चिठ्ठी आणून ठेवली. आमच्याच कोऱ्या कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलेली.

‘वहिनी. फार चिघळलंय, लगेच या.’

मी ती वाचली, आणि खरं तेच सांगते, एका क्षणासाठी माझ्या मनात खिळा आला. फक्त एका क्षणासाठी. मग माझ्यातली मास्तरीण पुढे झाली. मी मनात रूपं चालवली. जखम असती तर चिघळली असती. पाय असता तर चिघळला असता. इथे आहे चिघळलंय. नपुंसकलिंग. म्हणजे काय? भांडण. प्रकरण. वहिनीनं मागच्याच फोनवर हेच क्रियापद भांडणासाठी वापरलं होतं. सिद्ध झालं! व्याकरणानं मला कधी दगा दिला नव्हता.

आणि मग राग आला. लगेच या म्हणे! हे बोलावणं की समन्स? पाटी यानं चुकवली, रुसून हा बसला, आणि धावत मी जायचं? मामांनी विचारलं, “ताई, रिक्षा आणू का?” मी म्हणाले, “कशाला? घरचं नाटक आहे, चालायचंच.” मामा जरा घुटमळले आणि गेले.

चिठ्ठी माझ्यासमोरच होती. भांडण पेटलेल्या घरातून आलेलं चार शब्दांचं वाक्य. कर्ता गाळलेला, एक अक्षर जास्त नाही. मी नवं कार्ड ओढलं. ‘फेस्टर, २. (ला.) (भांडण, राग इ.) चिघळणे, विकोपाला जाणे.’ आणि खाली उदाहरण: ‘फार चिघळलंय, लगेच या.’

दुपारी सरांनी ते वाचलं आणि हिरव्या शाईनं शेजारी बरोबरची खूण केली. “याला म्हणतात जिवंत वाक्य,” म्हणाले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घरी जाताना मी वाटेत दादाच्या गल्लीच्या तोंडाशी थोडी थांबलेही. पण आत वळले नाही.

शुक्रवारी वहिनी स्वतः कचेरीत आली. केस विंचरलेले नव्हते. माझ्या टेबलाशी येऊन खुर्चीत न बसता उभी राहिली.

“काल काढला,” ती म्हणाली. “गुडघ्याच्या खाली.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही काय काढला. वहिनी सांगत गेली. सोमवारी ताप भरला म्हणून बळेच दवाखान्यात नेलं. मंगळवारी डॉक्टर म्हणाले, अंगठ्याशेजारचं बोट सडलंय, आज काढलं तर पाय वाचेल. दादा सही करेना. बोट गेलं तर शिडीवर तोल कसा सांभाळू म्हणाला. वहिनी रडली, पाया पडली, तरी नाही. शेवटी म्हणाला, “मास्तरीण येऊन सांगेल तर करतो सही. तिला बोलाव.” वहिनीनं दवाखान्यातून फोन केला. मग तो वाट बघत बसला. मंगळवारची संध्याकाळ, अख्खा बुधवार, दारात सावली पडली की मान वर. बुधवारी रात्री तो भानावर राहिला नाही. गुरुवारी सही वहिनीनं केली, पण तोवर सही बोटाची राहिली नव्हती.

“तुम्हाला निरोप मिळाला नाही का हो, वन्सं?”

चिठ्ठी माझ्या खणात होती. खण माझ्या पोटाला टेकलेला होता. मी म्हणाले, “कुठला निरोप?”

वहिनी दाराकडे वळली. “मामा, मी तुम्हाला चार वेळा सांगितलं होतं. बोट फार चिघळलंय, लगेच या. चार वेळा!”

मामा उठून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या कार्डांकडे बघितलं.

“चिठ्ठी लिहिली होती बाई,” मामा म्हणाले. मग थांबले. “दिली की नाही... वय झालं. राहिली असेल माझ्याकडून.”

सरांनी दुसऱ्या दिवशी त्यांना फोनवरून उठवून मागच्या गोदामात बसवलं, जुनी कार्डं बांधायला. माणूस वीस वर्षं त्या फोनपाशी बसला होता. मी एक शब्द बोलले असते तर ते टळलं असतं. मी बोलले नाही. कारण बोलले असते तर दादाला कळलं असतं, आणि दादाला कळलेलं मला सोसवलं नसतं. हे एवढं सरळ आहे, त्याला मुलामा देण्यात अर्थ नाही.

महिन्याभरानं मी गोदामात गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते. मामा सुतळीला गाठ मारत होते. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, “ताई, चूक माझीच हो. बाई बोलल्या होत्या, बोट फार चिघळलंय. मी बोट गाळलं. म्हटलं, ताईंना कळेलच, घरचंच आहे. तुम्हीच सांगता ना, जे कळतं ते लिहायचं नाही.”

बोट. ते बोट, नपुंसकलिंग. मी लिंग ओळखलं होतं अगदी बरोबर.

त्यांची माफी मागायला गेलेली मी त्यांनाच “असू द्या हो” म्हणून परत आले. मामा पुढे निवृत्त झाले आणि चार वर्षांनी गेले. शेवटपर्यंत कुठे ब्र काढला नाही. मी त्यांच्या अंत्ययात्रेला गेले होते, मागे उभी होते.

दादा आणि मी मात्र बोलू लागलो. पाय गेला आणि भांडण मिटलं. मी दवाखान्यात गेले तेव्हा तो म्हणाला, “आलीस? बस.” त्यानंतर दर रविवारी मी जायचे. तो खाटेवर बसून गाड्यांच्या नंबरप्लेटी आणि दारावरच्या नावांच्या छोट्या पाट्या रंगवायचा, शिडीचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक पाटी आधी मला दाखवायचा. “तपास गं मास्तरीण. आता पळून जायला पायही नाही.” मी म्हणायचे, “बरोबर आहे.” चूक असली तरी म्हणायचे. निघताना मी “येते” म्हटलं की तो न चुकता म्हणायचा, “ये, ये. वाट बघतो.” जा असं आमच्या घरात कुणी निघणाऱ्याला म्हणत नाही.

वहिनीनं त्या फोनचा विषय कधी सोडला नाही. जो येईल त्याला तीच कहाणी. “चार वेळा सांगितलं हो त्या म्हाताऱ्याला. बोट फार चिघळलंय, लगेच या. वन्सं आल्या असत्या तर बोटावर निभावलं असतं.” दादा म्हणायचा, “पुरे गं, चुकतो माणूस.” मी खाली बघून चहा प्यायचे. लोकांना वाटायचं, भावाचं दुःख आहे.

ते कार्ड? ते खणांतून पुढे सरकत राहिलं. सरांची हिरवी खूण होती, कारण दिल्याशिवाय काढता आलं नसतं. पण मुद्रितं तपासायला माझ्याकडेच आली होती, तेव्हा एक रेघ मारली असती तर कुणी विचारलं नसतं. लाल पेन्सिल तिथवर नेलीसुद्धा. मारली नाही. का नाही? दहा वेळा स्वतःला विचारलंय. वाक्य चांगलं होतं. त्या पानावर दुसरं एकही इतकं चांगलं नव्हतं.

सात वर्षांनी पहिला खंड छापून आला. मुखपृष्ठावरची अक्षरं सरांनी दादाकडून काढून घेतली होती, शहाण्यातला श घालून. म्हणजे एक प्रत हक्कानं त्याची झाली. मीच ती नेऊन दिली. म्हटलं, कोश कोण वाचतं? शोभेला ठेवेल.

दादा वाचायला बसला. पहिल्या पानापासून. “वेळ काय, भरपूर आहे,” म्हणाला. “डावीकडचं तुझं, उजवीकडचं माझं. वाक्यं मजेशीर घातली आहेत गं तुम्ही.” रोज दहाबारा पानं वाचायचा, ओळीवरून बोट फिरवत. खूण म्हणून आत एक बारीक ब्रश ठेवायचा. दर रविवारी मी गेले की आधी तो ब्रश कुठे आहे ते बघायचे. ए संपला. बी संपला. सी संपता संपेना, तेव्हा मला हायसं वाटलं, सी मोठं अक्षर आहे. प्रत्येक रविवारी मी ठरवून जायचे की आज सांगायचं. त्याला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा, माझ्याच पुस्तकातून कळण्यापेक्षा, माझ्या तोंडून कळू दे. आणि प्रत्येक रविवारी वहिनी चहा आणायची, दादा काहीतरी विनोद करायचा, आणि मी म्हणायचे, पुढच्या रविवारी. डी झाला. ई झाला. एकदा तर तो आत गेला असताना मी ब्रश पन्नास पानं मागे सरकवला. माझ्या वयाची बाई! त्याला लगेच कळलं. “वहिनीनं झाडताना पाडला वाटतं,” म्हणाला आणि बरोबर पान काढलं.

त्या रविवारी मी गेले तेव्हा कोश त्याच्या मांडीवर होता आणि ब्रश बाजूला ठेवलेला होता. वहिनी शेजारी गेली होती.

“बस,” दादा म्हणाला. “एक वाक्य वाचतो. बरोबर आहे का सांग.” त्यानं ओळीवर बोट ठेवलं. “फार चिघळलंय, लगेच या.”

मी पिशवी खाली ठेवली.

“आमच्या हिचं वाक्य आहे हे,” तो म्हणाला. आवाज नेहमीचाच. “सात वर्षं ऐकतोय. फक्त यातलं बोट कुठं गेलं? बोट का गाळलंस?”

“ते मी नाही गाळलं,” मी पटकन म्हणाले, “ते मामांनी गाळलं होतं, चिठ्ठीत नव्हतंच...”

आणि थांबले. चूक माझी नाही हे सांगायची घाई! आयुष्यभराची खोड. जित्याची खोड म्हणतात ती हीच. दादा माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेलं. राग असता तर मला कळला असता, मी त्याचा राग लहानपणापासून ओळखते.

“म्हणजे चिठ्ठी मिळाली होती,” तो म्हणाला.

“हो.”

“कधी?”

“मंगळवारी. अकराला.”

“मी दाराकडे बघत होतो तेव्हा.”

“मला वाटलं, भांडणाचं म्हणतेय वहिनी. दादा, चिघळलंय होतं रे, चिघळला नव्हतं. पाय असता तर...” मी बोलत होते आणि मला माझंच बोलणं ऐकू येत होतं. पाय गेलेल्या माणसाला मी लिंगविचार समजावून सांगत होते.

“आणि म्हातारा?” दादानं विचारलं. “त्यानं कबूल केलं होतं ना, विसरलो म्हणून?”

“त्यांनी माझ्यासाठी...”

“बरं.”

त्यानं ओळीवरचं बोट उचललं. मग हात पुढे केला. “पेन्सिल दे तुझी. लाल.”

मी अंबाड्यातून पेन्सिल काढून दिली. त्यानं कोश नीट मांडीवर घेतला. रंगवायला बसताना घेतो तसा श्वास घेतला आणि त्या वाक्याभोवती गोल काढला. एका दमात, सुबक, कुठे हललेला नाही. मग बाण काढून तो वर नेला, मलमपट्टीच्या वाक्यापर्यंत, आणि समासात आकडा लिहिला. १. काय अक्षर होतं ते! छापलेल्या आकड्यांपेक्षा देखणं.

“हे पहिल्या अर्थात पाहिजे होतं,” तो म्हणाला. “तुमची चूक आहे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा.” पेन्सिल त्यानं माझ्या हातात न देता खाटेच्या कडेला ठेवली. “माझ्या वेळी चार माणसं होती हसायला. इथं कोणी नाही. घाबरू नकोस.”

“दादा, मी...”

“वहिनीला मी नाही सांगणार. तिचं तुझ्यावर प्रेम आहे.”

दारात वहिनीच्या चपला वाजल्या. ती आत आली, मला बघून खूश झाली. “वन्सं, केव्हा आलात? थांबा, चहा टाकते.” मी उठलेलीच होते. म्हटलं, नको वहिनी, काम आहे. पिशवी उचलली. पेन्सिल घ्यायचा धीर झाला नाही.

“येते रे दादा,” मी म्हणाले.

त्यानं कोश मिटला होता आणि शेजारची अर्धी रंगवलेली नंबरप्लेट ओढून घेतली होती. वर न बघता त्यानं ब्रश पुसला.

“जा,” तो म्हणाला.